कॅमेऱ्याचा हिशेब आणि आपला निर्णय : नागपुरात डिजिटल छायाचित्रण शिकताना

दीक्षाभूमीचा पांढरा स्तूप चौकट भरून टिपला आणि कॅमेरा स्वयंचलित मोडवर असला, तर फोटोतला घुमट पुष्कळदा पांढरा न येता राखट येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी भागात निघणाऱ्या काळ्या मारबतीचा, म्हणजे मिरवणुकीतल्या मोठ्या पुतळ्याचा, फोटो तसाच जवळून घेतला, तर तिचा गर्द काळा रंग फिकट, धुरकट दिसू लागतो. दोन्ही वेळा कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याच्यातील मीटरला समोरून येणारा प्रकाश मोजता येतो, पण समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी हे त्याला ठाऊक नसते. म्हणून चौकटीतील उजेडाची सरासरी मध्यम करड्या छटेपाशी यावी, असा हिशेब करून तो फोटो घेतो. नवे कॅमेरे आणि फोन समोरचे दृश्य ओळखण्याचा बराच प्रयत्न करतात, तरीही मूळ हिशेब हाच राहतो. डिजिटल छायाचित्रणाचे प्राथमिक शिक्षण म्हणजे हा हिशेब कुठे जुळतो आणि कुठे फसतो हे ओळखणे आणि जिथे फसतो तिथे निर्णय आपल्या हाती घेणे, असे मी मानतो. पुढील सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत, आणि सरावाची ठिकाणे नागपूरकराला सहज जाता येतील अशी निवडली आहेत.

सुरुवात कोणत्या कॅमेऱ्याने करावी

हातात जो कॅमेरा आहे त्यानेच. घरात जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) पडून असेल तर तो उत्तम, मिररलेस (तसाच, पण आरसा नसलेला) असेल तर तोही उत्तम, आणि फक्त फोन असेल तर प्रकाश, चौकट आणि क्षण या तिन्ही गोष्टी फोनवर पूर्णपणे शिकता येतात. फोनची मर्यादा एवढीच की बहुतेक फोनमध्ये लेन्सचे अॅपर्चर कायमचे ठरलेले असते, त्यामुळे पुढे येणारा अॅपर्चरचा भाग फोनवर करून पाहता येत नाही. पोर्ट्रेट मोडमध्ये मागची पार्श्वभूमी धूसर दिसते ती प्रामुख्याने गणिताने केलेली असते.

नवीन घ्यायचेच असेल, तर कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स पहिले वर्षभर पुरते. त्यानंतर एकच भर घालावी, ती ५० मिलिमीटर, एफ/१.८ लेन्सची, कारण ती तुलनेने स्वस्त असते आणि कमी उजेडात तिच्यामुळे पडणारा फरक नवशिक्यालाही लगेच दिसतो. वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उडाले आहे ते विचारावे, आणि लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली आहे का हे पाहावे. बुरशी धरलेली लेन्स स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

मेगापिक्सेलच्या आकड्यामागे धावण्याचे कारण नाही. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली कोडॅक कंपनीत बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात १०० गुणिले १००, म्हणजे अवघे दहा हजार पिक्सेल होते आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आजच्या साध्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात दोन कोटी चाळीस लाख पिक्सेल असतात, आणि शिकण्याच्या कोणत्याही टप्प्यावर ते अपुरे पडणार नाहीत. आकड्यापेक्षा सेन्सरचे, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीचे, क्षेत्रफळ अधिक महत्त्वाचे असते. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो; एपीएस-सी सेन्सर त्याहून लहान, साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, आणि फोनमधला सेन्सर याहून कितीतरी लहान. सेन्सर मोठा असला की त्याच चौकटीसाठी एकूण प्रकाश अधिक गोळा होतो, आणि म्हणून संध्याकाळच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ राहते.

तीन चाव्या आणि एक एकक

फोटो किती उजळ येणार हे तीन गोष्टींवर ठरते : लेन्सचे छिद्र किती उघडे आहे, म्हणजे अॅपर्चर, प्रकाश सेन्सरवर किती वेळ पडू दिला, म्हणजे शटर स्पीड, आणि मिळालेल्या संकेताला किती वाढवून घेतले, म्हणजे आयएसओ. या तिन्हींना जोडणारे एकक म्हणजे स्टॉप. एक स्टॉप वाढवणे म्हणजे उजेड दुप्पट करणे, आणि एक स्टॉप कमी करणे म्हणजे तो निम्मा करणे. हे एकक पक्के बसले की उरलेले सगळे सोपे होते, म्हणून येथे घाई करू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

शटर स्पीडमध्ये हे सरळ दिसते. १/१२५ सेकंदाऐवजी १/२५० ठेवले, तर प्रकाश निम्मा झाला. आयएसओ १०० वरून २०० केला, तर चित्र एक स्टॉप उजळले. अॅपर्चरचे आकडे मात्र प्रथम गोंधळात टाकतात : १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. यातील प्रत्येक पुढचा आकडा मागच्यापेक्षा साधारण १.४ पट, म्हणजे दोनच्या वर्गमूळाइतका मोठा आहे, आणि प्रत्येक पुढच्या आकड्याला प्रकाश निम्मा होतो. एफ आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला १८ किंवा ५५ सारखा आकडा) भागिले छिद्राचा व्यास; छेद लहान झाला की भागाकार वाढतो, म्हणून आकडा मोठा तर छिद्र लहान. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे क्षेत्रफळ निम्मे करायला व्यास १.४ पटींनी कमी करावा लागतो, आणि त्या विचित्र वाटणाऱ्या आकड्यांचे मूळ एवढेच आहे.

आता तीन जोड्या पाहाव्यात. आयएसओ २०० कायम ठेवून एफ/८ आणि १/१२५, एफ/५.६ आणि १/२५०, एफ/४ आणि १/५०० या तिन्ही जोड्यांत सेन्सरवर पडणारा प्रकाश सारखाच असतो, कारण छिद्र जितके उघडले तितका वेळ कमी केला आहे. फोटोचा उजळपणा सारखा, पण फोटो सारखे नाहीत. पहिल्यात पुढची-मागची बरीच जागा स्पष्ट दिसेल, तिसऱ्यात पार्श्वभूमी धूसर होईल आणि धावणारे मूल जागच्या जागी थिजल्यासारखे दिसेल. यातले काय हवे हे कॅमेरा ठरवू शकत नाही. ते आपण ठरवायचे असते.

सराव असा करावा. मोड डायल ए या अक्षरावर, कॅननच्या कॅमेऱ्यात एव्हीवर, आणावा. या मोडमध्ये अॅपर्चर आपण ठरवतो आणि शटर स्पीड कॅमेरा ठरवतो. गच्चीच्या कठड्यावर तीन संत्री एकामागे एक, वीतभर अंतराने ठेवावीत आणि कडेच्या बाजूने थोडे तिरके, जवळ बसून मधल्या संत्र्यावर फोकस करावा. आधी लेन्स देईल तेवढ्या लहान एफ आकड्यावर, मग एफ/५.६, एफ/८, एफ/११ आणि एफ/१६ वर एकेक फोटो घ्यावा. पहिल्या फोटोत मधलेच संत्रे स्पष्ट असेल, शेवटच्या फोटोत तिन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतील. स्पष्टतेच्या या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. तो अॅपर्चरवर अवलंबून असतोच, पण वस्तूपासूनच्या अंतरावर आणि फोकल लेंग्थवरही असतो. हे पटण्यासाठी तेच फोटो दहा पावले मागे जाऊन पुन्हा घ्यावेत. एफ/१६ च्या पलीकडे सहसा जाऊ नये, कारण फार लहान छिद्राच्या कडांवर प्रकाशाचे विवर्तन होऊन संपूर्ण चित्राचाच रेखीवपणा कमी होतो.

शटर स्पीडच्या सरावासाठी मोड एस या अक्षरावर, कॅननच्या कॅमेऱ्यात टीव्ही (Tv) वर, न्यावा, म्हणजे शटर स्पीड आपण ठरवतो, आणि वेस्ट हायकोर्ट रोडसारख्या वाहत्या रस्त्याच्या फुटपाथवर, रहदारीपासून सुरक्षित अंतरावर उभे राहावे. १/१००० वर सायकलची चाके थांबल्यासारखी येतील. मग १/३० वर येऊन सायकलस्वार समोरून जात असताना कॅमेरा त्याच्या वेगाने त्याच्याबरोबर फिरवत शटर दाबावे आणि दाबल्यानंतरही फिरवणे सुरू ठेवावे. स्वार बऱ्यापैकी स्पष्ट आणि मागची दुकाने आडव्या रेघांसारखी पुसट, असा फोटो मिळतो. याला पॅनिंग म्हणतात. सुरुवातीला बहुतेक फोटो वाया जातात आणि तसेच ते जायला हवेत.

हाताच्या थरथरीसाठी एक जुना नियम उपयोगी आहे : शटर स्पीडचा छेद फोकल लेंग्थपेक्षा कमी नसावा. एपीएस-सी कॅमेऱ्यात फोकल लेंग्थला १.५ ने गुणून हा हिशेब करावा, म्हणजे ५५ मिलिमीटरसाठी साधारण १/८०. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात हाताची थरथर भरून काढणारा स्थिरक असेल, तर याहून मंद शटरही चालते. मात्र स्थिरक आपला हात सांभाळतो, समोरचा माणूस हलला तर त्याला तो थांबवू शकत नाही. उभ्या माणसासाठी १/१२५, चालणाऱ्यासाठी १/२५०, धावणाऱ्या मुलांसाठी १/५०० आणि गोरेवाडा तलावावर उडणाऱ्या पक्ष्यांसाठी १/१६०० किंवा त्याहून वेगवान, हे आकडे सुरुवातीला पाठ असलेले बरे.

आयएसओविषयी नवशिक्यांच्या मनात विनाकारण भीती असते. आयएसओ वाढवला की चित्रात दाणे दिसू लागतात हे खरे, पण दाणेदार फोटो पाहता येतो आणि हललेला फोटो पाहवत नाही. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, बाजारात रात्री आयएसओ १०० चा हट्ट धरून १/८ सेकंदावर गर्दी टिपण्यापेक्षा आयएसओ ३२०० करून १/२५० वर यावे. ते सरळ व्यवहाराचे आहे.

मीटरशी असहमत होणे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. कॅमेऱ्यावर अधिक आणि उणे चिन्हांचे एक बटण किंवा चाक असते, त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. फोनमध्ये पडद्यावर बोट ठेवल्यावर शेजारी सूर्याचे चिन्ह येते, ते वर-खाली सरकवले की हेच काम होते. मीटरने काढलेला हिशेब मान्य नसेल, तर येथे सांगायचे.

नियम सहजबुद्धीच्या उलट वाटतो, म्हणून तो लिहून ठेवावा : पांढरे टिपताना अधिक, काळे टिपताना उणे. स्तूपाचा पांढरा घुमट चौकटीचा मोठा भाग व्यापत असेल तर मीटरला वाटते की उजेड फार आहे, आणि तो चित्र अंधारतो. आपण त्याला अधिक एक स्टॉप देऊन घुमट पुन्हा पांढरा करायचा. काळ्या मारबतीच्या वेळी मीटरला उजेड कमी वाटतो, तो चित्र उजळवतो. तेथे उणे एक देऊन काळा रंग काळा राखायचा. निळ्या आकाशाखालच्या हिरव्या शेतासमोर मीटरचा हिशेब पुष्कळदा जवळजवळ बरोबर असतो आणि तेथे काहीच करावे लागत नाही. घरी सराव करायचा झाल्यास पांढरी चादर, काळी छत्री आणि करड्या रंगाची पिशवी एकाच खिडकीपाशी ठेवून प्रत्येकीचा चौकट भरून फोटो घ्यावा. कॉम्पेन्सेशन शून्यावर असताना तिन्ही फोटो आश्चर्य वाटावे इतके सारख्या करड्या रंगाचे येतात. हा प्रयोग स्वतः केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपला निर्णय बरोबर ठरला का, हे तपासायला कॅमेऱ्याच्या पडद्यावर विसंबू नये, कारण दुपारच्या उन्हात पडदा अंधुक दिसतो आणि रात्री तोच फार उजळ वाटतो. त्यासाठी हिस्टोग्राम पाहावा. हा एक साधा आलेख असतो. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे, आणि प्रत्येक छटेचे किती पिक्सेल आहेत ते उंचीने दाखवलेले. आलेख उजव्या भिंतीला जोराने भिडला असेल, तर चित्रातील सर्वांत उजळ भागातला तपशील कायमचा गेला आहे असे समजावे. अंधारलेल्या भागातून नंतर बरेच काही वर काढता येते, पण जळून पांढऱ्या झालेल्या भागात काहीच शिल्लक नसते. म्हणून पांढरा घुमट उजळवताना अधिक एकपासून सुरुवात करावी, आणि आलेख उजव्या भिंतीला टेकण्याआधी थांबावे. आलेखाचा आदर्श आकार असा कोणताही नसतो. रात्रीच्या फोटोचा आलेख डावीकडे झुकलेलाच असणार.

मीटर बंद पडला तरी चालेल असा एक हिशेबही शिकून घ्यावा. निरभ्र आकाशात, उन्हातल्या वस्तूसाठी एफ/१६ ठेवले तर शटर स्पीडचा छेद आयएसओइतका ठेवायचा : आयएसओ १०० ला १/१००. दोन स्टॉप छिद्र उघडून एफ/८ केले, तर १/४००. हिवाळ्यातल्या नागपुरी दुपारी हा नियम उत्तम लागू पडतो आणि एम मोडवर, म्हणजे सर्व निर्णय स्वतः घेण्याच्या मोडवर, जाण्यासाठी तो फार चांगला आधार आहे.

फुटाळा तलावावरचा सूर्यास्त हा या भागाचा शेवटचा सराव. काठावर बसलेल्या माणसांच्या काळ्या आकृत्या आणि मागे केशरी आकाश हवे असेल, तर सूर्याच्या बाजूच्या, पण सूर्य चौकटीत नसलेल्या आकाशावर मीटर करून ते मूल्य एक्स्पोजर लॉकच्या बटणाने धरून ठेवावे आणि मग चौकट जुळवावी. फोनवर आकाशावर बोट दाबून धरले की मूल्य पक्के होते. एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, सूर्याकडे थेट कधीही पाहू नये, विशेषतः दूरचे जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स लावलेली असताना. त्याने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

नागपूरचा प्रकाश

नागपूर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, २६ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर, मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एप्रिल ते जुलै या काळात दुपारचा प्रकाश जवळजवळ सरळ खाली पडतो, माणसांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, आणि इमारतींच्या भिंतींवरचे कोरीव काम सपाट दिसते. मे महिन्यात सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी साडेपाच ते सात एवढाच वेळ कामाचा मानावा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दुपारीही सावल्यांना लांबी असते आणि दिवसभर काम करता येते. शिकायला सुरुवात करण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो.

प्रकाशाची दिशा समजून घेण्यासाठी पुन्हा एकच संत्रे पुरते, कारण त्याची सालच खरखरीत असते. ते सकाळी उघड्या खिडकीजवळच्या टेबलावर ठेवावे आणि त्याच्याभोवती फिरावे. खिडकी आपल्या पाठीशी असताना संत्रे एका सपाट केशरी वर्तुळासारखे दिसते. खिडकी बाजूला आली की सालीवरचा प्रत्येक खळगा उठून दिसतो आणि फळाला गोलाई येते. खिडकी संत्र्याच्या मागे आली की कडेवर उजेडाची एक रेघ उमटते आणि पुढचा भाग सावलीत जातो. सावली फार काळी वाटली तर सावलीच्या बाजूला पांढरा कागद उभा धरावा. त्यावरून परतणारा प्रकाश सावली हलकी करतो. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला की प्रकाशाचा उगम मोठा होतो आणि सावलीची कडा मऊ होते. माणसाचा चेहरा, तर्री पोह्यांची प्लेट, गांधी गेटचा दगड, या सगळ्यांना हेच लागू आहे. पोह्यांवरची वाफ दिसायला हवी असेल, तर उजेड मागून आणि पार्श्वभूमी गडद हवी.

ढगाळ दिवस वाया गेला असे समजू नये. पावसाळ्यात सगळे आकाशच एक मोठा मऊ दिवा झालेले असते, आणि व्यक्तिचित्रांसाठी त्याहून चांगला प्रकाश क्वचितच मिळतो. फक्त पांढरे आकाश चौकटीबाहेर ठेवावे.

फोकस आणि रंग

फोकस कुठे करायचा हा निर्णयही कॅमेऱ्यावर सोपवला, तर तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू निवडतो. म्हणून एकच फोकस बिंदू निवडण्याची सोय चालू करावी, तो बिंदू माणसाच्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा, शटर अर्धे दाबून फोकस पक्का करावा आणि मग पूर्ण दाबावे. डोळा ओळखण्याची सोय नव्या कॅमेऱ्यांत फार चांगली चालते. असेल तर ती जरूर वापरावी. स्थिर विषयासाठी एकदाच फोकस करणारा आणि हलत्या विषयासाठी सतत फोकस करत राहणारा, असे दोन प्रकार मेनूमध्ये मिळतात.

रंगाच्या बाबतीतही कॅमेरा सरासरीकडेच ओढतो. प्रकाश पिवळसर की निळसर हे सांगणारा आकडा म्हणजे रंगतापमान; तो जितका मोठा तितका प्रकाश निळसर. दुपारच्या उन्हाचे रंगतापमान सुमारे ५५०० केल्व्हिन, जुन्या पिवळ्या बल्बचे २७०० ते ३००० आणि निरभ्र दिवशीच्या सावलीचे ७००० किंवा त्याहून अधिक असते. आपला डोळा हा फरक आपोआप भरून काढतो, आणि कॅमेऱ्याची ऑटो व्हाइट बॅलन्स ही रंग जुळवणारी सोयही तोच प्रयत्न करते. पण फुटाळ्यावरचे केशरी आकाश ही तिच्या दृष्टीने दुरुस्त करायची चूक असते, म्हणून तो रंग फिका पडतो. सूर्यास्ताच्या वेळी व्हाइट बॅलन्स उन्हाच्या चिन्हावर पक्का ठेवावा. कळमना बाजारात संत्र्यांचे ढीग टिपताना एका बाजूने दिवसाचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने दिव्यांचा, अशी सरमिसळ असते. तेथे शक्यतो एकाच प्रकाशात असलेला ढीग निवडावा, कारण दोन रंगांचा प्रकाश नंतर दुरुस्त करणे अतिशय किचकट असते.

चौकट, गर्दी आणि माणसे

तृतीयांशांचा नियम सगळीकडे सांगितला जातो : चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून विषय त्या रेषांवर ठेवावा. तो उपयोगी आहे, पण चौकटीच्या कडा तपासण्याची सवय त्याहून अधिक उपयोगी आहे. महाल भागातल्या गल्ल्यांत जुने वाडे, लाकडी खांब आणि अरुंद दारे सुंदर आहेत, आणि प्रत्येकावर विजेच्या तारा, फ्लेक्स आणि उभी केलेली दुचाकी आहे. शटर दाबण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवली आणि अर्धे पाऊल सरकले, तर यातल्या अनेक गोष्टी चौकटीबाहेर जातात.

झिरो माइलचा स्तंभ आणि त्याचे घोडे हा चौकट शिकण्यासाठी फार चांगला विषय आहे. आधी १८ मिलिमीटरवर एका घोड्याच्या अगदी जवळ जाऊन फोटो घ्यावा. घोडा प्रचंड आणि स्तंभ मागे लहानसा दिसेल. मग ५५ मिलिमीटरवर येऊन घोडा तेवढाच मोठा दिसेपर्यंत मागे सरकावे. स्तंभ मोठा होऊन घोड्याच्या पाठीशी आल्यासारखा वाटेल. झूम करणे आणि चालत जाणे यांतला फरक याने एकदाचा समजतो : वस्तूंचे परस्परांतील प्रमाण आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरते, आणि लेन्स फक्त त्यातला किती भाग घ्यायचा ते ठरवते.

माणसांचे फोटो विचारून काढावेत. “काकू, एक फोटो काढू का?” एवढे विचारले की बाजारात क्वचितच कोणी नाही म्हणते, आणि कोणी म्हटलेच तर कॅमेरा लगेच खाली घ्यावा. लहान मुलांचा फोटो त्यांच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय घेऊ नये. प्रार्थनास्थळे, संग्रहालय आणि रेल्वे स्टेशन येथे आधी परवानगीची चौकशी करावी. मारबतीच्या मिरवणुकीत गर्दी दाटलेली असते; तेथे लेन्स बदलणे, बॅग उघडणे यांपैकी काहीच जमत नाही, म्हणून एकच रुंद लेन्स, गळ्यातला पट्टा, आयएसओ ऑटोवर आणि शटर किमान १/५०० अशी तयारी घरूनच करून जावे. “घेऊन जा गे मारबत” असा गजर सुरू झाला की पुतळ्यापेक्षा त्याच्या पायथ्याशी असलेल्या चेहऱ्यांकडे लक्ष द्यावे.

रॉ फाइल आणि संस्करण

जेपीईजी फाइलमध्ये प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्या असतात, तर सेन्सरची नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या १४ बिट रॉ फाइलमध्ये १६,३८४. सूर्यास्ताच्या आकाशात किंवा गडद सावल्यांत बदल करायचे झाल्यास हा फरक स्पष्ट दिसतो. व्हाइट बॅलन्सही रॉमध्ये नंतर हवा तसा बदलता येतो. पहिले काही महिने दोन्ही प्रकार एकत्र साठवावेत. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, फोनवर स्नॅपसीड पुरते. क्रम असा ठेवावा : क्षितिज सरळ करणे आणि कापणे, मग रंग, मग उजळपणा, मग हायलाइट (उजळ भाग) आणि शॅडो (गडद भाग), आणि सर्वांत शेवटी रेखीवपणा. रंगांची तीव्रता वाढवणारी पट्टी जितकी कमी सरकवता येईल तितकी बरी.

घरी आल्यावर फोटो संगणकावर आणि शिवाय एका वेगळ्या हार्ड डिस्कवर, अशा दोन ठिकाणी उतरवल्याची खात्री करूनच मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

उन्हाळा आणि पावसाळा

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ० ते ४० अंश सेल्सियस दिलेली असते, आणि नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत कॅमेरा बंद कारमध्ये किंवा स्कूटरच्या डिक्कीत कधीही ठेवू नये. वापरात नसताना तो सावलीत, फिक्या रंगाच्या कापडात गुंडाळून ठेवावा आणि राखीव बॅटरी वेगळी ठेवावी. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचे तोंड खाली धरावे, म्हणजे धूळ आत पडत नाही. पडलीच तर तोंडाने फुंकू नये, रबरी ब्लोअर वापरावा.

पावसाळ्यात शत्रू बदलतो. एसीच्या खोलीतून एकदम दमट हवेत गेल्यास लेन्सवर बाष्प धरते, म्हणून बॅग बंदच ठेवून कॅमेऱ्याला अर्धा तास बाहेरच्या तापमानाशी जुळू द्यावे. साठवणुकीसाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक साधा आर्द्रतामापक एवढे पुरे होते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा वापराव्यात. चामड्याच्या बॅगेत महिनोन्‌महिने बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी हमखास धरते.

छापून पाहावे

दर महिन्याच्या शेवटी सगळ्या फोटोंतून मोजके निवडून छापावेत. १२ गुणिले ८ इंचांच्या, ३०० डीपीआयच्या, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांच्या, छपाईला ३६०० गुणिले २४०० पिक्सेल, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलपेक्षा थोडे अधिक लागतात, तेव्हा फोनचा फोटोही चांगला छापला जातो. फाइल एसआरजीबी या रंगप्रकारात द्यावी, आणि लॅबमधल्या माणसाला “ऑटो करेक्शन बंद ठेवून छापा” असे स्पष्ट सांगावे. अन्यथा छपाईचे यंत्रही सरासरीचाच हिशेब करते आणि मुद्दाम गडद ठेवलेला फोटो उजळून हाती येतो. पहिली छपाई स्क्रीनवर दिसते त्याहून थोडी अंधारी येण्याची शक्यता असते, कारण बहुतेक स्क्रीन फार उजळ ठेवलेल्या असतात. म्हणून आधी एकाच फोटोच्या, उजळपणात अर्ध्या स्टॉपचा फरक असलेल्या दोन लहान प्रती काढून त्या खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवून पाहाव्यात, आणि त्यावरून पुढच्या मोठ्या छपाईचा उजळपणा ठरवावा.